वरून ओतलेला रस

बाबा,

गेल्या महिन्यात चर्चच्या कमिटीची दोन माणसं माझ्याकडे येऊन गेली. गावातल्या चर्चची स्मरणिका काढायची आहे म्हणे, तिच्यात तुमच्याविषयी दोन पानं मी लिहावीत. "आजी, पाळकसाहेबांना बघितलेलं तुमच्याशिवाय आता कोण राहिलंय?" त्यातला एक म्हणाला. खरंच कुणी राहिलं नाही, आणि माझी अडचणही तीच आहे. आपलं खोटं पकडणारं कुणी उरलं नाही की खरं लिहायला हात उचलत नाही. दोन पानांसाठी मी चार आठवडे घालवले. मधे मधे वैताग आला की तुम्हालाच लिहायला बसायची, ते हे.

तुम्ही म्हटलं की मला आधी चूल दिसते. दुःखसहनाच्या आठवड्यातला शनिवार आहे. आई जाऊन बरीच वर्षं झालीत, त्यामुळं ईस्टरच्या प्रभुभोजनाचा रस तुम्हीच करता. आदल्या दिवशी भिजत घातलेल्या मनुका पातेल्यात हातानं कुस्करता, उकळता, आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळता. तिकडे लढाई चालू, इकडे मनुका मिळायची मारामार. धाराशिवच्या बाजारातून पावशेर आणायच्या आणि माझ्या हाती लागू नयेत म्हणून पुस्तकांच्या पेटीत ठेवायच्या, ही तुमची हुशारी. मला पेटी ठाऊक होती, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. दर वर्षी रस थोडा पातळच व्हायचा. तुम्ही त्यावर एका शब्दानं कधी बोलला नाहीत.

हा रस ज्या एकाच भांड्यातून सगळ्यांनी प्यायचा, तो प्याला म्हणाल तर मिशनचा साहेब परत जाताना देऊन गेलेला, चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलेला. पण त्या प्याल्यापायी तुम्ही दोन वर्षं सगळ्यांशी वैर घेतलं होतं. तुम्ही पाळक होऊन गावात परत आलात तेव्हा चर्चमध्ये दोन सतरंज्या होत्या. एकीवर महारवाड्यातले ख्रिस्ती बसायचे, दुसरीवर मांगवाड्यातले. गाव दोघांनाही आडाच्या पायरीवर चढू देत नव्हतं, तरी आपले लोक मांगवाड्यातल्यांच्या उष्ट्याला तोंड लावायला तयार नव्हते. बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, विटाळ मात्र होता तसाच राहिला. तुम्ही स्वतः महारवाड्यातले. दोन प्याले ठेवावेत असं तुमच्या सख्ख्या चुलत्यानंच सुचवलं. तुम्ही प्याला कपाटात घालून कुलूप लावलंत आणि सांगितलंत, "एका भांड्यातनं पिनार असाल तवाच ह्यो भाईर निघंल." दोन ईस्टर प्रभुभोजनाविना गेले. तिसऱ्या वर्षी तुम्ही मांगवाड्यातल्या आबांना पुढं बोलावलंत. केकताडाचे दोर वळून हाताला घट्टे पडलेले आबा भीत भीत प्यायले. त्यांच्या ओठांची जागा न पुसता तुम्ही प्यायलात, आणि मग प्याला आपल्या लोकांपुढं धरलात. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, हे सगळं तिनं सांगितलेलं. पुढं रीतच पडली. आधी आबा, मग सगळे, आणि उरलेला शेवटचा घोट तुमचा. प्याल्यातलं सांडायचं नाही, टाकायचं नाही.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. मी सात-आठ वर्षांची असेन. खालच्या वस्तीतली, म्हणजे मांगवाड्यातली, एक मुलगी भर उन्हात आपल्या दाराशी पाणी मागायला आली. तिनं ओंजळ धरली आणि मी उंबऱ्यावर उभी राहून तांब्यातून वरून धार सोडली. मला कुणी शिकवलं नव्हतं, पाटलाच्या आडावर आपल्याला असंच देतात हे रोज बघत होते. तुम्ही आतून आलात आणि माझ्या पाठीत रट्टा घातलात. मग तांब्या तिच्या हातात दिलात, ती तोंड लावून प्याली, आणि उरलेलं मला प्यायला लावलंत. "पानी वरनं द्याचं न्हाय. हातात द्याचं," एवढंच बोललात. मी दोन दिवस फुगून बसले होते. नंतर विसरून गेले. विसरले हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं त्या विसरण्यानंच झालं.

विशीत मी सोलापुरात नर्सिंग शिकत होते. पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं अवकाश होता, आपल्या गावावर राज्य निजामाचं होतं. ईस्टरआधीचा उपासकाळ निम्मा सरला असताना तुमचं कार्ड आलं: गावात पटकी आली आहे, तू येऊ नकोस. तुम्ही येऊ नकोस म्हटलंत म्हणजे मी निघणार हे ठरलेलंच. हद्दीवरच्या नाक्यावर सुई टोचल्याचा दाखला दाखवला आणि येऊन पोचले. तेरणा आटली होती. आपल्या दोन्ही वस्त्या नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीनं घागर भरत होत्या, आणि त्याच वाळूत थोडं वरच्या अंगाला पटकीच्या माणसांचे कपडे धुतले जात होते. मी ते पहिल्याच दिवशी बघितलं. सोलापुरात एका घागरीतून प्यालेलं अख्खं घर कॉलऱ्यानं दोन दिवसांत गेलेलं मी पाहिलं होतं. गावानं मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला, आपण उपास धरून गुडघे टेकले, आणि मी दोघांनाही पाणी उकळा, पाणी उकळा म्हणून ओरडत फिरत होते. "सरपण तुझ्या सोलापूरवरनं आनतीस का गं?" एक म्हातारी म्हणाली. बरोबरच होतं तिचं. झावळ्यांच्या रविवारी तोडून आणलेल्या शिंदीच्या झावळ्या चर्चच्या दाराशी तशाच वाळल्या, कारण त्या सकाळी दोघांना पुरायचं होतं. येरमाळ्याच्या यात्रेची पौर्णिमा आणि आपला ईस्टर एकाच आठवड्यात आले होते. यात्रेला गावातून एकही गाडी जुंपली गेली नाही. आपला सण मात्र व्हायचाच होता.

बुधवारी मी विषय काढला. तुम्ही ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसत होतात.

"बाबा, या ईस्टरला एका प्याल्यातून द्यायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं भांडं आणायचं आणि तुम्ही त्यात वरून ओतायचं. भांड्याला प्याला लागू द्यायचा नाही."

"दोन वर्सं कुलूप घातलं व्हतं मी त्याला," तुम्ही म्हणालात. "आता भांडी येगळी केली तर परत एक व्हायची न्हाईत. मानसं मरत्यात, मला दिसतंय. पन ह्ये मेलं तर परत उठायचं न्हाय."

"माणसं तरी कुठं उठतात?" मी म्हणाले.

दुःखसहनाच्या आठवड्यात, पाळकाच्या मुलीनं, पाळकाच्या तोंडावर. तुम्ही कंदील उचलून आत गेलात. मला तुमची कीव आली, असं खोटं कशाला लिहू, मला रागच आला होता. इथं माणसं पटापट जात होती आणि तुम्ही भांड्याला जपत होतात.

मग मी ते केलं. आडात टाकायला तालुक्याहून चुना आला होता. त्याच्याबरोबरची चिठ्ठी, वर सरकारी शिक्का असलेली, माझ्याजवळ होती. निजामाच्या कचेरीचं सगळं लिहिणं उर्दूत, आणि तुम्हाला उर्दू वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण सोलापुरात चार अक्षरं शिकले असेन असं तुम्ही धरून चालाल, हा माझा हिशेब. गुरुवारी सकाळी ती चिठ्ठी तुमच्यापुढं धरून मी सांगितलं की वरून हुकूम आलाय, देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, एका भांड्यातून कुणी प्यायचं नाही, नाहीतर कुलूप ठोकतील. "वाच," तुम्ही म्हणालात. मी वाचलं. बोट उजवीकडून डावीकडे न्यायचं एवढी अक्कल मला होती. सरकारचं ऐकावं हे तुम्हीच आम्हाला शिकवत आलात, तेच मी तुमच्यावर उलटवलं. तुम्ही चिठ्ठी मागून घेतलीत, घडी घालून तुमच्या पवित्र शास्त्रात ठेवलीत आणि म्हणालात, "बरं." शनिवारी रस गाळून झाल्यावर शास्त्र काखेत मारून तुम्ही नेहमीसारखे मौलवीसाहेबांकडे गेलात. ते शाळेत उर्दू शिकवायचे आणि तुमचे दोस्त होते. दर शनिवारी तुमची बैठक असायचीच, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही.

ईस्टरची सकाळ. सतरंजीवर मधे मधे रिकाम्या जागा आहेत आणि त्या जागांवर कुणी सरकून बसत नाही. "प्रभू उठला आहे," तुम्ही म्हणता, आणि लोक उत्तर देतात ते कसंबसं. पुढ्यात भांडी आहेत: जर्मनचे पेले, पितळी वाट्या, कुणाचा कान तुटलेला कप. आबांच्या पुढ्यात नारळाची करवंटी, घासून काळी तुळतुळीत केलेली. घरात दुसरं भांडं नव्हतं की त्यांनी मुद्दाम ती आणली, हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही रीतीप्रमाणं आधी त्यांच्यापुढं येता, दोन्ही हातांत प्याला. थांबता. माझ्याकडं बघता. मी हातानं खूण करते, अजून वर. तुम्ही प्याला वीतभर आणखी वर उचलता आणि धार सोडता.

आबा करवंटीत बघत राहिले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, असं वरनं वतल्यालं आमी पाटलाच्या आडावर जलमभर प्यालो. त्येच्यासाठी हितं कशाला याचं?"

"साथ हाय, आबा," तुम्ही म्हणालात.

"साथ मला ठावं न्हाय व्हय? माझ्या घरातली दोन गेली. ह्यो हुकूम कुनाचा?"

मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. सरकारचा, एवढंच म्हणायचं होतं, मी तो कागद त्याच्यासाठीच आणला होता.

"माझा," तुम्ही म्हणालात. "हुकूम माझा हाय, आबा."

आबांनी करवंटी जमिनीवर ठेवली, रस तसाच. उठले, आणि त्यांच्यामागं खालची सगळी वस्ती उठली. बायकांनी पोरं उचलली. आपले लोक आपापल्या भांड्यातून प्यायले, आणि त्यांतल्या काहींच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू होतं, तेही मी बघितलं. तेव्हा मला तो पाठीतला रट्टा आठवला. ओंजळ धरलेली मुलगी आठवली. मी तिथल्या तिथं उठून सांगायला हवं होतं की हुकूम पाळकसाहेबांचा नाही आणि सरकारचाही नाही, माझा आहे. मी बसून राहिले. उलट तुम्ही सरकारचं नाव का घेतलं नाहीत, याचाच मला संताप आला.

त्या दिवसापासून खालच्या वस्तीनं आपल्याकडचं काहीही घेणं सोडलं. माझं उकळलेलं पाणी नको, मिठाचं पाणी नको, सुई नको. मंगळवारी आबांची धाकटी सून पटकीनं पडली. कळल्याबरोबर तुम्ही निघालात आणि तुमच्यामागं मी. आबांनी तुम्हाला अडवलं नाही, या असंही म्हटलं नाही. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन मी दिलेलं मिठाचं पाणी चमच्यानं पाजत होतात, ओकलं की पुसत होतात, पुन्हा पाजत होतात. दुपार झाली. मग तुम्ही म्हणालात, "आबा, मला पानी द्या."

"उकळल्यालं न्हाय. झिऱ्याचं हाय."

"तुमी पिता त्येच द्या."

आबांनी तांब्या भरला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही तोंड लावून निम्मा प्यालात आणि त्यांना परत दिलात. उरलेलं ते प्याले, न पुसता. मी दारात उभी होते. मला ओरडता आलं असतं, महिनाभर मी दुसरं काय करत होते? पण त्या दोघांच्या मधे बोलायचा हक्क मी रविवारीच घालवून बसले होते.

सून वाचली. आबांना काही झालं नाही. तुम्हाला बुधवारी सुरू झालं. त्या तांब्यानंच झालं की महिनाभर आजाऱ्यांत वावरताना आधीच कुठं लागलं होतं, हे नर्स म्हणून मी सांगू शकत नाही. मुलगी म्हणून मला सांगायची गरज नाही. गुरुवारी सकाळी तुमचे डोळे खोल गेले होते, बोटं वळून आखडली होती, आवाज बसला होता. तुम्ही विचारलंत, "रस उरला व्हता. त्याचं काय क्येलंस?"

"आबांचा? शेवग्याच्या बुडाशी ओतला."

"बरं क्येलंस," तुम्ही म्हणालात. मला वाटलं आता रागवाल. मी वाट बघत होते. दुपारी तुम्ही गेलात.

तुमची कबर खालच्या वस्तीनं खणली. आबा स्वतः कुदळ घेऊन उतरले होते. माती लोटून झाल्यावर मौलवीसाहेब माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बेटी, तेरे अब्बा मेरे कने एक परची लाए थे, पढवाने कू. मैं बोला, पाळकसाब, ये तो चूने की रसीद है, दो बोरे. सुन के परची वापस किताब में रखे. फिर बोले, किसी कू बोलो नक्को."

"कब?" मी विचारलं.

"तुम्हारी ईद के एक दिन पहले."

म्हणजे शनिवारीच तुम्हाला सगळं कळलं होतं. रविवारी प्याला वर उचलताना तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते कळून. सरकारचा हुकूम असं म्हणणं खोटं झालं असतं, मुलीचा म्हणणं म्हणजे मला सगळ्यांपुढं उघडं पाडणं होतं, म्हणून 'माझा' म्हणालात. की माझं खोटं असलं तरी माणसं जगवायची असतील तर तेच करायला हवं, असं तुम्हालाही पटलं होतं? तसं असेल तर मला जरा तरी बरं वाटेल. पन्नास वर्षांहून जास्त झाली, या एका प्रश्नापाशी मी येते आणि परत फिरते. मनुकांच्या वेळी तुम्ही बोलला नाहीत ते चाललं, बाबा. या वेळी बोलायला हवं होतं. मला दुसरा रट्टा घालायला हवा होता.

साथ ओसरली, पुढं निजामाचं राज्यही गेलं, आबा गेले. खालची वस्ती मात्र आपल्या चर्चमध्ये परत आली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी आपलं वेगळं चर्च बांधलं. त्यांच्यात अजून म्हणतात, पाळकानं प्याला तोडला. मागं एकदा तेरहून धाराशिवला जाताना एसटीत आबांचा नातू शेजारी बसला होता. त्यानं माझं तिकीट काढलं, पिशवी वर ठेवली, विचारपूस केली. मग अगदी सहज म्हणाला, "तुमचे वडील चांगले व्हते, आजी, आमच्या घरात सगळे म्हनतात. फक्त त्या दिवशी त्यांची जात जागी झाली." ज्या माणसानं दोन वर्षं कुलूप लावून ठेवलं होतं, त्याच्याविषयी. धाराशिव येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही, आणि उतरताना त्यानंच पिशवी काढून दिली.

तर ती दोन पानं. पहिल्यांदा मी सगळं खरं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा तो ईस्टरच गाळला, तेही फाडलं. शेवटी लिहिलं की साथीच्या त्या वर्षी सरकारी हुकुमावरून पाळकसाहेबांना वेगवेगळ्या भांड्यांत प्रभुभोजन द्यावं लागलं. निदान तुमच्यावरचा तो डाग तरी जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज सकाळी कमिटीतला तरुण येऊन पानं घेऊन गेला. उभ्या उभ्या वाचून म्हणाला, "आजी, हा हुकुमाचा कागद कुठं मिळेल का? फोटो काढून छापला असता."

मी म्हणाले, हरवला. तो तुमच्या शास्त्रात आहे, तुम्ही ठेवला होतात त्याच पानात, आणि शास्त्र माझ्या उशाशी असतं. हे पत्र मी त्या चिठ्ठीला लावून ठेवणार आहे, म्हणजे कधी तरी कुणाच्या तरी हाती दोन्ही एकदमच लागतील. मात्र मी असेपर्यंत ती लागू नयेत, असंही मला वाटतं, आणि आज संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तेवढंच मागितलं.